शेवटची वीत गिऱ्हाईकासमोर

सोमवार, ४

ही वही मावशीची, मापांची. पानावर रकाने छापलेत: गिऱ्हाईक, लांबी, रुंदी, कड्या किती. अर्धी भरलेली, अर्धी कोरी. आज तिने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, म्हैस विकायला काढतेस ना, मग कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, तुझ्या डोक्यात काही टिकत नाही.

म्हैस म्हणजे ताडपत्री शिवायचं मशीन. काळं, जाडजूड, चार माणसांनी उचलावं असं. चालू झालं की खिडकीची काच थरथरते आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काठी आपटतात. तीस वर्षं मावशीने त्याच्यावर ट्रकची आच्छादनं शिवली, दुकानांचे पडदे शिवले, तंबू शिवले. एकदा तर आख्ख्या पोहण्याच्या तलावाचं झाकण. ते शिवताना म्हणे कापड दारातून थेट रस्त्यावर गेलं आणि त्याच्यावरून एक कुत्रं चालत चालत आत आलं. याचा इथे काही संबंध नाही, पण लिहून टाकलं.

आता तिचं उजवं मनगट गेलंय. दोन बोटांत सुई गेली तरी तिला कळत नाही. ऑपरेशनचे पैसे तिने खात्यात बाजूला ठेवलेत, पण त्यानंतर जड कापड ओढायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणून म्हैस जाणार.

मी इथे चार दिवसांसाठी आले होते, त्याला सहावा आठवडा लागला. तीस तारखेला एक बोट सुटते. तिच्या स्वयंपाकघरात मैत्रिणीने माझी जागा पक्की केलीय. बंदरापर्यंतचं तिकीट मावशी म्हशीच्या पैशातून काढून देणार. तेव्हा म्हैस विकली जायलाच हवी. शाळा मी अर्ध्यात सोडली. मग सफरचंदं खोक्यात भरली, हॉटेलच्या चादरी धुतल्या, सर्कशीच्या दारात तिकिटं फाडली. आठ महिन्यांवर कुठे थांबले नाही. मावशी मला भिंगरी म्हणते. आई काय म्हणायची ते लिहीत नाही.

जाहिरात टाकली. फोटोत भिंतीची ओल दिसू नये म्हणून मशीनच्या मागे एक तयार ताडपत्री टांगली. फोटो झकास आला.

मंगळवार, ५

सकाळपासून अकरा निरोप. नऊ जणांनी "अजून आहे का" एवढंच विचारलं, आहे म्हटल्यावर गायब. दहाव्याने विचारलं, मशीनबरोबर चालवणारी मिळेल का. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, कळव त्याला, बरीच वापरलेली आहे, परत घेतली जाणार नाही.

अकरावा फर्निचरवाला. घासाघीस नाही, चौकशी नाही, पसंत आहे, पैसे आत्ता पाठवतो. त्याने ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र पाठवलं. हे स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. मी केलं. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, केलं. फोनने पिन मागितला. बोट पहिल्या आकड्यावर गेलं होतं आणि मला सर्कशीचं दार आठवलं. तिथे लोक माझ्या हातात पैसे ठेवायचे. आधी तुझ्या गल्ल्याची किल्ली दे मग ठेवतो, असं एकानेही कधी म्हटलं नाही. पैसे घेणाऱ्याला किल्ली कशाला लागेल? पिन टाकतो तो देणारा.

त्याला तसं लिहिलं. तो म्हणाला, ताई, नवीन दिसताय, सगळे असंच करतात. मी लिहिलं, नवीनच आहे, म्हणून पैसे हातात आणून द्या, मला बघायची हौस आहे. मग तोही गेला.

मावशीला एवढंच सांगितलं की फर्निचरवाल्याचा विचार बदलला.

शुक्रवार, ८

आज खरं गिऱ्हाईक आलं. घोड्यांची खोगिरं शिवणारा माणूस, बोटं चामड्यासारखीच. त्याने आधी किंमत विचारलीच नाही. विचारलं, काय बिघडलंय? मावशीने सगळं सांगितलं: तेल गळतं, थंडीत चार पदरांवर टाका चुकतो, पट्टा दोनदा बदललाय. जाहिरात टाकल्यापासून अकरा जणांनी नाही नाही ते विचारलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तिने खिशातून बॉबिन केस काढून मशीनमध्ये बसवली. ही खालच्या दोऱ्याची डबी, अक्रोडाएवढी. विकायला काढल्यापासून ती तिच्या खिशातच असते. ही नसली की म्हैस म्हणजे नुसतं लोखंड, कोणी वाहून नेली तरी शिवणार नाही.

दाखवायला मी बसले. गेले चार दिवस ती मला रोज सकाळी दोन तास बसवते, म्हणते गिऱ्हाईकाला चालवून दाखवायला तरी यायला हवं. पायडलवर पाय जरा जड पडला की म्हैस उधळते, म्हणून टाच उचलून पंजाने दाबायचं. मी चार पदर सरळ शिवले. खोगीरवाल्यानेही शिवून बघितलं. मान डोलावली. घेतो म्हणाला.

आणि मावशी नाही म्हणाली.

तो गेल्यावर मी भांडले. कारण काय, तर मशीन थांबवताना त्याने चाकाला थाप मारली. चाक हाताने धरून थांबवायचं असतं, थापडीने नाही. मी म्हटलं, मावशी, आयुष्य घोड्यांमध्ये गेलंय त्याचं, सवय असते. म्हणाली, मग घोडा घ्यावा त्याने.

असल्या खुसपटांनी माझी बोट चुकणार आहे. तिचा पाय कुठे अडकलाय, मला समजत नाही.

दुपारी बेकरीवालीच्या पडद्याचं काम संपवलं. तिथे मावशीचे दोन कायदे आहेत, तेही लिहून ठेवते. एक, माप नेहमी ओरडून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते परत ओरडायचं, कारण म्हशीच्या आवाजाने हिचा एक कान गेलाय आणि माप चुकलं तर कापड गेलं. दोन, शिवणीतली शेवटची वीत मोकळी ठेवायची. गिऱ्हाईक स्वतः आलं, कापडाचं टोक धरून ओढून बघितलं, की ती वीत त्याच्यासमोर शिवायची. मग नंतर कोणी म्हणत नाही की शिवण आधीपासून सुटलेली होती. बेकरीवालीने टोक धरलं, पिठाचे पंजे उमटले, मावशीने तेही पुसू दिले नाहीत.

मंगळवार, १२

आज कॅप्टन. मोठ्या जहाजावर आहे म्हणतो, समुद्रात, येऊ शकत नाही, पण मशीन हवंच, बायकोला भेट द्यायचंय. जहाजावरचा माणूस म्हणून मला आधी जरा बरंच वाटलं. मी लगेच विचारलं की बोटीच्या स्वयंपाकघरात उकडतं का फार. त्याने उत्तर दिलं नाही.

मशीन चालवून बघायचं नाही का, विचारलं. तर म्हणतो, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. माझ्यावर इतक्या झटकन कोणी विश्वास ठेवला नव्हता. आईला एकोणीस वर्षं पुरली नाहीत. म्हणून गंमत म्हणून लिहिलं, आमच्या मशीनला दोन शिंगं आहेत, चालतील का? उत्तर आलं, काही हरकत नाही मॅडम.

बुधवार, १३

कॅप्टनने पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवला. ठरल्यापेक्षा जास्त भरलेत, वरचे तुम्ही टेम्पोवाल्याच्या या नंबरावर पाठवून द्या, तो उद्या मशीन उचलेल. फोटोत बँकेचं चिन्ह, शिक्का, सगळं होतं. मावशीचं खातं बघितलं तर त्यात काही आलेलं नाही. विचारलं, तर म्हणे चोवीस तासांनी दिसेल, टेम्पोवाल्याचे मात्र आत्ता पाठवा, घाई आहे.

मला मोह झाला. खोटं कशाला लिहू. सतरा दिवस उरलेत. वाटलं, शिंगांचं त्याने नीट वाचलं नसेल, कामात असेल.

मावशीला दाखवलं. तिने चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "फोटोतल्या ताडपत्रीखाली कोणी कोरडं राहिलंय का?"

पाठवले नाहीत. पत्ता मी त्याला दिलेलाच नाही, तेव्हा टेम्पो यायचा प्रश्नच नाही.

गुरुवार, १४

टेम्पो आला.

सकाळी नऊला, दारात. टेम्पोवाला अवाढव्य, डोळ्यांत झोप. काळं मशीन उचलायचंय, पैसे तुम्ही देणार असं सांगितलंय, म्हणाला. मला पत्त्याचं कोडं पडलं आणि मग नजर भिंतीकडे गेली. मावशी प्रत्येक ताडपत्रीच्या कोपऱ्यात दुकानाचा पत्ता आणि आपला फोन नंबर छापते, वाऱ्याने उडाली तर परत यावी म्हणून. ओल झाकायला मी तीच टांगली होती. जाहिरातीत आख्खा पत्ता झळकत होता, दहा दिवस. आम्ही ताडपत्रीवाल्या नसतो तर ही चूक झालीच नसती.

मी दारात हात पसरून उभी राहिले. टेम्पोवाला तापला, शहराच्या त्या टोकाहून आलोय, खेळ चाललाय का. मावशीने मला कॅप्टनला फोन लावायला सांगितला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायला लावला. कॅप्टनचा आवाज आज गोड नव्हता. पैसे भरलेत, मशीन माझं आहे, चढवा नाहीतर पोलीस पाठवतो. मी जाऊन म्हशीवर बसले. खरोखर, वर, मांडी घालून.

"कॅप्टनसाहेब," मी म्हटलं, "आमच्याकडे शेवटची वीत गिऱ्हाईकासमोर शिवतात. या आणि कापडाचं टोक धरा. पोलिसांनाही आणा, एक टोक त्यांना देऊ. तोवर ही जागची हलणार नाही."

फोन बंद झाला.

टेम्पोवाल्याने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, डिझेलचे आगाऊ देतो म्हणून मलाही त्याने चौकोनी चित्र पाठवलंय. मी विचारलं, केलंस स्कॅन? तर म्हणाला, कॅमेरा फुटलाय ना, दोन वर्षं झाली. फुटक्या कॅमेऱ्याने माणूस वाचलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मावशीने त्याला चहा दिला. त्याच्या टेम्पोभोवती एक चक्कर मारली, मागचं छत बोटाने उचललं. "हे कोणी शिवलं रे? त्या कॅप्टननेच का?" छत तीन ठिकाणी फाटलेलं. फेरी फुकट गेली त्या बदल्यात कापडाच्या किमतीत नवीन शिवून देते, उद्या मापाला ये, मंगळवारी घेऊन जा, म्हणाली. मनगट विसरली की काय कोण जाणे. तो गेल्यावर मी विचारलं, शिवणार कोण? तर म्हणाली, चालवून दाखवायचा सराव होईल तुझा.

शुक्रवार, १५

फोटो बदलला, मागे नुसती ओल. कॅप्टनचा नंबर ब्लॉक केला आणि जाहिरातीच्या साइटवर त्याची तक्रार नोंदवली, पावतीच्या फोटोसकट. लिहिताना मजा आली. मावशीलाही वाचून दाखवली, ती म्हणाली, शिंगांचंही घाल.

टेम्पोचं माप घेतलं. मावशी टपावरून ओरडत होती, मी खालून. पलीकडच्या गॅरेजवाल्याने विचारलं, भांडताय का.

पाठ मोडलीय. मैत्रीण विचारते तिकीट काढलंस का. काढते म्हटलं.

सोमवार, १८

हे आजच लिहायला हवं.

मी म्हशीवर टेम्पोचं छत शिवत होते. मांडीवर, खांद्यावर, आजूबाजूला नुसतं कापड, उठायची सोय नाही. मावशी तिकडे दाराशी, फोन चांगल्या कानाला. मी कापड वळवायला थांबले म्हणून तिचं बोलणं कानावर आलं. हो हो, तक्रार आमचीच. भाचीने केली. बरं झालं तुम्ही लगेच फोन केलात. आलाय ना निरोप, आकडा आहे त्यात. थांबा, चष्मा घेते.

आणि ती माप सांगते तशी ओरडली, "चार!"

मी आतून ओरडले, "चार!"

"शून्य!"

"शून्य!" मीही.

मग लक्षात आलं. माप कोणी असं सुटं सुटं सांगत नाही. चाळीस म्हणतात. आणि माप तर शुक्रवारीच घेऊन झालंय. हा फोनवर आलेला गुप्त आकडा होता. तो वाचून झाला की ऑपरेशनचे पैसे गेले, आणि मी इथे बसून तिला साथ देत होते.

थांब म्हणून ओरडले. तिला वाटलं मी आकडा म्हणतेय, तिने हात वर करून बरोबर अशी खूण केली आणि तिसरा आकडा घेतला. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी कापडातून बाहेर यायला हवं. टाच उचलून पंजाने दाबायचं असतं. मी दोन्ही पाय पायडलवर ठेवून सगळा भार टाकला.

म्हैस उधळली. असा आवाज तिने माझ्यादेखत कधी केला नव्हता. काच, कपाट, कड्यांचा डबा, सगळं नाचायला लागलं. वर मास्तरांची काठी. दाराशी मावशी फोनमध्ये ओरडत होती, काय म्हणालात, ऐकू येत नाही, तिसरा परत सांगते, आणि माझ्याकडे बघून, बंद कर गं, बंद कर. मी नाही केलं. कापड जाईल तिकडे जाऊ दिलं. शिवण छताच्या मधून आडवी गेली, वळली, परत आली. शेवटी सुई एका कडीवर जाऊन तुटली, तोवर मावशी फोन ठेवून माझ्यावर धावून आली होती, हातात खडू.

"वेड लागलंय का तुला?"

"मावशी, तक्रार ऐकणाऱ्याला तुझा आकडा कशाला हवा?"

तिने निरोप परत वाचला. खाली बँकेनेच लिहिलं होतं की हा आकडा कोणालाही सांगू नका, आमच्या माणसालाही नाही. तिने ते दोनदा वाचलं आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मग म्हणाली, "तोंडाला सवय आहे गं. आकडा दिसला की बाहेर पडतो."

मी सांगितलं की पहिले दोन मीही त्याला ओरडून सांगितले. आणि फर्निचरवाल्याच्या वेळी माझं बोट पिनवर गेलं होतं, तेही सांगून टाकलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ज्या हाताला कळत नाही तो.

बँकेला फोन करून खातं गोठवून घेतलं. पैसे जागेवर आहेत. तो, कॅप्टनच असणार, नंबरही ताडपत्रीवरचाच, मात्र परत परत फोन करत राहिला. सातव्यांदा वाजला तेव्हा मावशीने उचलला.

"तीस वर्षं इथेच बसलेय," ती म्हणाली. "पत्ता तुझ्याकडे आहेच. हिंमत असेल तर दिवसाढवळ्या ये आणि समोर बसून आकडा माग. खुर्ची देते."

आठव्यांदा वाजला नाही.

मंगळवार, १९

कालची वाकडी शिवण उसवायला घेतली. मावशीने कात्री काढून घेतली. ही बाई अर्धा टाका इकडेतिकडे झाला तर आख्खी बाजू उसवायला लावते. आज म्हणाली, राहू दे ती.

टेम्पोवाला आला. त्याने टोक धरलं. मी उठून मावशीला जागा द्यायला लागले, तर ती खडू शोधत बाहेर गेली. खडू तिच्या कानावर होता, मी सांगितलंही. आली नाही. शेवटी शेवटची वीत मीच शिवली. टेम्पोवाल्याने पायाने जोर लावून ओढून बघितली, हलली नाही.

मग त्याला मधली शिवण दिसली. हा काय साप सोडलाय छतावर, म्हणाला. मावशी दारातून म्हणाली, "तेवढी फुकट. पाणी बाकी सगळीकडून गळेल, तिथून गळणार नाही."

काल काय झालं ते त्याला सांगितलं. तो जाताना म्हणाला, थांब्यावर सगळ्यांना दाखवतो. दुपारी आणखी दोन टेम्पोवाले आले, छतं घेऊन. एकाने विचारलं, आमच्यावरही तो साप येईल का.

रविवार, ३१

इतके दिवस लिहायला झालं नाही, कामं होती. बोट काल सुटली असणार. मैत्रिणीला कळवलं होतं की मावशीचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, प्लॅस्टर निघेपर्यंत थांबते, पुढची बोट बघू. तिने लिहिलं, तुझं काही खरं नाही. मी लिहिलं, हे तर आई म्हणायची.

खोगीरवाल्याचा मध्ये फोन आला होता. चाकाला थाप मारणार नाही म्हणाला बिचारा. मावशीने किंमत दुप्पट सांगितली. मी रागावले नाही, का कोण जाणे.

साइटने विचारलंय, तुमची वस्तू विकली गेली का? हो आणि नाही असे दोनच पर्याय. मी दोन्ही सोडून जाहिरातच बदलली. लिहिलं: मशीन विकायचं नाही. ताडपत्री शिवून मिळेल. माणूस आणि पैसे दोन्ही समोर लागतील. कॅप्टन लोकांनी शेवटची वीत धरायला स्वतः यावं. या वेळी पत्ता मोठ्या अक्षरात घातला, फोटोत छापील ताडपत्रीही टांगली, मुद्दाम.

हॉस्पिटलची पिशवी भरताना मावशीने बॉबिन केस माझ्या हातावर ठेवली. रोज काम संपलं की काढून घ्यायची, म्हणाली, आणि खिशात ठेवायची, भोक नसलेल्या.

माझ्या सगळ्याच खिशांना भोकं होती. म्हशीवर बसले आणि एक शिवला.